निशाणी तेवीस

"जसं असल तसं वाच, प्रतिभा. माझ्यासाठी एक अक्षर घालू नको, अन् माझ्यासाठी एक अक्षर गाळू नको."

गेलेल्या सासूबाईंचा, रंगूबाईंचा आवाज अगदी कानाशी आला आणि त्याच वेळी कोर्टाच्या रेकॉर्डरूममधून, जाळीच्या खिडकीपलीकडून, कारकून भिकाभाऊ म्हणाले, "या नावाचं काही नाही, ताई." त्यांनी कापडी पाठीचं लांबट रजिस्टर मिटलं, बोटाला लागलेली धूळ पँटीला पुसली आणि मागच्या माणसाकडे पाहिलं. प्रतिभा तिथून हलली नाही. नाही, हा शब्द तिनं आयुष्यात किती वेळा ऐकला असेल! भाजी नाही, पाणी नाही, डॉक्टर नाहीत. पण या 'नाही'नं पायाखालची एक पायरी कुणीतरी काढून घेतल्यासारखं झालं. चिमणाबाई नाही? वणीत देवळाच्या वाटेवर जी बाई अजून नारळ, खण आणि हिरव्या बांगड्या विकत बसते, जिनं चाळीस वर्षांमागं याच कोर्टात 'मला नांदायला घ्या' म्हणून अर्ज केला, ती या पुस्तकात नाहीच? मग रंगूबाई कुणासमोर उभ्या राहिल्या होत्या? "भाऊ, पुन्हा एकदा बघता?" तिनं विचारलं. तिचा आवाज मुळातच बारीक. जाळीच्या आत पोचला की नाही कोण जाणे. "अहो ताई, ब्याऐंशी, त्र्याऐंशी, चौऱ्याऐंशी, तिन्ही सालं पाहिली. अर्जदाराच्या नावानं नोंद असते. नाव बरोबर आणा, मी गठ्ठा काढून देतो. नुसतं मखमलाबादची केस म्हणून काय निघणार इथं? निम्मं मखमलाबाद इथंच बांधून ठेवलंय." मागचा माणूस हसला. प्रतिभाही कसनुसं हसली आणि बाजूला झाली.

रूपाली बाहेर बाकावर मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. शेजारच्या बिल्डिंगमधली ही मुलगी नुकतीच वकील झालेली. काळा कोट अजून अंगाला नवा होता. आठ दिवसांपूर्वी तिनंच प्रतिभाला कोर्टाची वेबसाइट उघडून दाखवली होती. जिल्हा निवडायचा, कोर्ट निवडायचं, पक्षकाराचं नाव टाकायचं, 'निकाली' वर टिचकी मारायची. चिमणाबाई, चिमनाबाई, चिमणा. दर वेळी एकच ओळ यायची: नोंद सापडली नाही. "एवढं जुनं कॉम्प्युटरवर नसतं हो काकू," रूपाली म्हणाली होती. "तालुक्याचं, जिल्ह्याचं, वरचं हायकोर्ट, असा जिना असतो. केस जिथं चालली तिथंच तिची फाइल, आणि वर अपील झालं असलं तर ती कधीकधी त्याला जोडून राहते. निकाल जपून ठेवतात. जबान्या मात्र काही वर्षांनी काढून टाकतात." काढून टाकतात. हे ऐकल्यापासून प्रतिभाच्या छातीत एक दाणा अडकल्यासारखा होता. निकाल घेऊन तिला काय करायचं होतं? निकाल सगळ्यांना ठाऊक होता. चिमणाबाई हरली, तिच्या नवऱ्यानं, म्हणजे रंगूबाईंच्या धाकट्या दिरानं, केरूकाकांनी दुसरी केली, ती पुढं वारली, केरूकाकाही गेले. निकालाची माणसं संपली. राहिली होती ती नुसती जबानी.

सासूबाई गेल्या वर्षी कोजागरीच्या आधी गेल्या. त्याआधीचे पंधरा दिवस अंथरुणावर होत्या आणि दुपारी प्रतिभा त्यांच्या उशाशी बसून पोथी वाचायची. पोथीचा रोजचा एक अध्याय हा तिचा लग्नाआधीपासूनचा नेम. मोठ्यानं वाचायचं, मध्ये बोलायचं नाही, आणि एखादं अक्षर चुकून गळलं तर ओवी पहिल्यापासून घ्यायची. आईनं लावलेलं वळण. अशाच एका दुपारी अध्याय संपला, तिनं पोथी कपाळाला लावली, आणि रंगूबाई छताकडे बघत म्हणाल्या, "तू गाळत नाय. मी इतकी वर्सं ऐकते, तू एक अक्षर गाळत नाय. माझं एक वाचशील का?" तिला वाटलं, एखादं स्तोत्र असेल. "माझी जबानी कोर्टात पडून हाय. मला ठावं नाय तीत काय हाय. वकील विचारी, मी नाय म्हणी. तो विचारी, मी नाय म्हणी. घरून सांगून ठेवलेलं, काहीबी विचारलं तरी नाय म्हण. माझ्या त्या नायचं त्यांनी काय केलं, कोन जाणे. मला वाचून दाखवलं म्हनं. वाचलं असल. मला आईकू आलं नाय. मी चिमणीच्या पायाकडं बघत व्हते. तिच्या पायात जोडवी नव्हती." पंख्याची कडकड तेवढी चालू होती. "दाराला आतून कडी व्हती, प्रतिभा. मी आत व्हते. चिमणी बाहीर, पत्र्याची पेटी घेऊन, वैशाखातल्या उनात. अक्काबाई, कडी काढा, अक्काबाई, कडी काढा. माझा हात कडीवर गेला व्हता. सासू म्हनली, हात काढ. मी काढला." त्यानंतरच त्यांनी ते सांगितलं. जबानी काढ. चिमणीला नेऊन वाचून दाखव. वर्ष व्हायच्या आत. जसं असल तसं. आणि प्रतिभानं त्यांच्या सुकलेल्या तळहातावर हात ठेवून "हो" म्हटलं होतं. पोथी मांडीवर असताना म्हटलेलं 'हो'.

ते 'हो' अकरा महिने तिच्याबरोबर फिरत होतं. भाजी निवडताना, निमाणीच्या बाजारात भाव करताना, गंगेवर दिवा सोडताना. आधी धीर झाला नाही. कोर्ट म्हणजे सीबीएसच्या बसस्टँडवर उतरल्यावर दिसणारी दगडी भिंत आणि आत माणसांची दाटी, एवढंच तिला माहीत. मग चातुर्मास लागला. दर चातुर्मासात ती एक नेम धरते. यंदा धरला तो मौनाचा: सकाळी उठल्यापासून पूजा होईपर्यंत एक शब्द नाही. पहिले चार दिवस सोपं गेलं. पाचव्या दिवशी कळलं की तोंड मिटलं की आतलं बोलणं सुरू होतं आणि ते मिटता येत नाही. दूध उतू जाऊ नये म्हणून उभं राहावं, तर रंगूबाई दुधाच्या वाफेतून म्हणायच्या, वाचलंस का? पायरीवर रांगोळी काढावी, तर ठिपके मोजता मोजता, वाचलंस का? ओरडून नव्हे. रंगूबाई कधीच ओरडल्या नाहीत. त्या नुसतं विचारत.

चिमणाबाईला तिनं दोनदाच पाहिलं होतं. पहिल्यांदा लग्नानंतरच्या चैत्रात. देवीच्या गडावर जाताना वणीत थांबून खालच्या देवीची ओटी भरायची, ही रंगूबाईंची पद्धत. देवळाच्या वाटेवर एका दुकानापाशी त्या थबकल्या. दुकान कसलं, चार फळ्या आणि वर ताडपत्री. मागे बसलेल्या उंच, काळ्यासावळ्या बाईनं त्यांना पाहिलं, शांतपणे उठून पांढरी चादर झटकली आणि सगळ्या मालावर घातली. प्रेतावर घालावी तशी. मग नव्या सुनेकडे बघून म्हणाली, "तुझ्या सासूला म्हणावं, समोरच्याकडून घे. माझ्याकडचा खण देवीला पोचायचा नाही तिच्या हातून. जिचं तोंड खोटं, तिची ओटी काय खरी?" रंगूबाईंनी समोरून खण घेतला. नाण्यासाठी पिशवीचं तोंड त्यांना सापडेना. दर चैत्रात त्या एकट्या जात राहिल्या. दर चैत्रात चादर पडत राहिली. प्रतिभाला नंतर नंतर असं वाटायचं की रंगूबाई देवीला जातच नाहीत, त्या चादरीला जातात. दुसऱ्यांदा, गेल्या वर्षी, प्रतिभा एकटीच निरोप द्यायला गेली: सासूबाई गेल्या. चिमणाबाईनं बांगड्यांचा डझन दोऱ्यात ओवता ओवता ऐकलं. बरं, म्हणाली. मग थोड्या वेळानं, "शेवटी काही बोलली का?" आणि प्रतिभानं, जिनं कधी उत्तर टाळलं नाही तिनं, "पाणी मागितलं" असं सांगितलं. खरंच होतं. पण ते सगळं नव्हतं.

कोर्टातून रिकाम्या हातानं परतली त्या रात्री जेवताना शेखर म्हणाला, "मग, वकीलबाई? लागली का तारीख?" नवऱ्याची थट्टा तिला ओळखीची होती, त्याला जे नको असतं त्याच्यावर तो थट्टेचं झाकण घालतो. "नावच सापडत नाही," ती म्हणाली. "बरं झालं. आईचं काय, शेवटी शेवटी ती भिंतीशीही बोलायची." प्रतिभानं त्याच्या ताटात भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी पूजेला बसली. मौनच. देव्हाऱ्यातले टाक तामणात घेतले, पळीनं पाणी घातलं, दूध घातलं, पुन्हा पाणी. तांब्याचं जाड, जुनं तामण. चिंच लावून घासल्यामुळे त्याचा तळ लालसर उजळलेला. देवीचा टाक उचलला तेव्हा पाण्याखालून ठिपक्याठिपक्यांची अक्षरं वर आली. सत्तावीस वर्षं रोज वर येत होती. सौ. वत्सला केरू, मखमलाबाद. लग्नाच्या भांड्यांवर नाव घालतात तसं. नवीन असताना तिनं विचारलं होतं, वत्सला कोण? आणि रंगूबाई म्हणाल्या होत्या, व्हती एक. घराण्यातली कुणी जुनी, मेलेली आत्या असेल असं तिनं धरून चाललेलं, आणि केरू हे नाव तर नजरेनं कधी उचललंच नव्हतं. आता टाक तिच्या चिमटीत तसाच राहिला, पाण्याचे थेंब तामणात पडत राहिले, आणि वत्सला, केरू, वत्सला, केरू अशी ती अक्षरं हलत राहिली. तिला स्वतःचं लग्न आठवलं. परातीतले तांदूळ, शेखरच्या बोटातली अंगठी, तांदळावर ओढलेली तीन अक्षरं. माहेरची तेजल त्या दिवशी संपली आणि प्रतिभा झाली. चिमणाबाईलाही कुणीतरी असंच तांदळावर लिहिलं असणार. लिहिलं, आणि मग? तोंडाशी आलेला प्रश्न तिनं दाबून धरला. नैवेद्य, आरती, प्रदक्षिणा, सगळं रीतसर झालं. मगच ती बाहेर आली. "अहो, वत्सला कोण?"

शेखरनं पेपर खाली केला नाही. पण पेपरमागचा तो हलायचा थांबला, हे तिला कळलं. "धाकटी काकू," तो म्हणाला. "वत्सलाकाकू म्हणायचो आम्ही. मला मांडीवर घेऊन वाटाणे सोलायची." जरा थांबून, "ती गेल्यावर आजी म्हणाली, आता तिला माहेरच्या नावानं चिमणी म्हणायचं. नाव आपलं होतं, आपण परत घेतलं. मी सात-आठ वर्षांचा. दोनदा चुकलो तर चिमटा बसला. मग चुकलो नाही." आणि पेपरआडूनच, वेगळ्या आवाजात, "आज कोथिंबीर आणायची राहिली ना?"

भिकाभाऊंनी त्र्याऐंशीचं रजिस्टर उघडलं आणि चौथ्या पानावर बोट ठेवलं. "वत्सलाबाई. ही बघा. अहो, मग चिमणाबाई चिमणाबाई काय लावलं होतं? कोर्टात लग्नाचंच नाव असणार." सासरनं ते नाव काढून घेतलं होतं, पण बाई ते नाव घेऊनच कोर्टात आली होती, मला माझ्या नावानं नांदायला घ्या म्हणून. प्रतिभाला एकाएकी खिडकीची जाळी धरावीशी वाटली. "अपील झालंय," भिकाभाऊ म्हणाले. "म्हणजे जोडून राहिली असेल तर राहिली असेल. आशा लावू नका. अर्ज टाका. तुम्ही केसमध्ये कुणी नाही ना? मग प्रतिज्ञापत्र लावा, कशासाठी हवी ते." बाहेर झाडाखाली टाइपरायटरवाल्या गृहस्थांनी कागद चढवला आणि विचारायच्या आतच ठोकलं: सदरची नक्कल कोर्टकामी हवी आहे. "थांबा," प्रतिभा म्हणाली. "कोर्टकामी नको आहे." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, सगळे हेच लिहितात." "पण खाली शपथेवर असं आहे ना." रूपालीनं हळूच तिचा हात दाबला. "काकू, ते नुसतं लिहायचं असतं." नुसतं लिहायचं असतं. नुसतं म्हणायचं असतं. घरून सांगितलंय, नाय म्हण. प्रतिभाला त्या झाडाखाली, टाइपरायटरच्या त्या काळ्या फितीसमोर, रंगूबाई किती सहज उभ्या राहिल्या असतील ते प्रथमच दिसलं. दुष्टपणानं नव्हे. सगळे हेच म्हणतात म्हणून. ती म्हणाली, "असं लिहा: जिच्या केसमध्ये ही जबानी झाली, तिला वाचून दाखवण्यासाठी." गृहस्थ खळखळून हसले, तरी कागद बदलला. त्या कागदाला कोर्ट फीचं तिकीट लावताना रूपाली म्हणाली, "काकू, हा अर्ज मी जन्मभर लक्षात ठेवीन," आणि त्यात थट्टा होती की नव्हती ते तिचं तिलाच कळलं नसावं.

बारा दिवसांनी नक्कल मिळाली. जबानी राहिली होती. चार पानं, प्रत्येकावर गोल शिक्का. वर डाव्या कोपऱ्यात केसच्या कागदांतला तिचा नंबर: निशाणी २३. शेवटच्या पानाखाली दुसरी निशाणी, रंगूबाईंचा डाव्या हाताचा अंगठा. झेरॉक्समध्ये रेषा बुडालेल्या, नुसता एक काळा, लांबट डाग. प्रतिभानं ती कोर्टात वाचली नाही, बसमध्ये वाचली नाही. घरी येऊन हातपाय धुतले, देवापुढं बसली आणि मनात वाचू लागली. "मी शपथेवर सांगते की, मी अर्जदार हिची मोठी जाऊ आहे." ही भाषा रंगूबाईंची नव्हती. त्या कधी 'हिची' म्हणाल्या नाहीत, कधी 'सदर' म्हणाल्या नाहीत. पण त्या परक्या, ताठ वाक्यांच्या शेवटी दर वेळी त्यांचा तो एक शब्द सापडत होता, धुऊन, इस्त्री करून ठेवलेला. "अर्जदार हिला सामनेवाला याने मारहाण केली नाही. अर्जदार हिला कोणी घराबाहेर काढले नाही. त्या दिवशी घराच्या दाराला आतून कडी नव्हती. अर्जदार हिने मला हाका मारल्या नाहीत." नाही, नाही, नाही. एकामागून एक, कड्या घातल्यासारखे. मग उलटतपास. "दार उघडू नये म्हणून माझ्या सासूने मला अडवले हे म्हणणे खरे नाही. अर्जदार संध्याकाळपर्यंत उन्हात उभी होती हे म्हणणे खरे नाही." अकरा महिने तिच्या मनाच्या तळाशी एक लबाड आशा बसून होती, हे तिला आता उमगलं: की कागदात काही वेगळं निघेल. की रंगूबाई खरं बोलल्या असतील आणि विसरल्या असतील. तसं काही नव्हतं. त्या खोटं बोलल्या होत्या; स्वच्छ, देवाच्या शपथेवर, चार पानं.

आणि चौथ्या पानाच्या तळाशी हे होतं: "प्रश्न: तुम्ही आज कोर्टात शपथेवर खोटे सांगत आहात काय? (साक्षीदार गप्प आहे. पुन्हा विचारले. साक्षीदार गप्प आहे.)" त्याखाली: "वाचून दाखविले, बरोबर आहे." आणि अंगठा.

तिनं ती ओळ पुन्हा वाचली. दुपार होती, समोरच्या गच्चीवर कुणीतरी गोधडी झोडपत होतं, आणि प्रत्येक दणक्यानिशी ती दोन वाक्यं तिच्या आत पडत होती. सगळीकडं नाय म्हण, असं सांगितलेलं. सगळीकडं म्हटलं. इथंही एक 'नाय' पुरला असता. सगळ्यात सोपं, सगळे म्हणतात ते. इथं तो निघाला नाही. दोनदा विचारलं, दोनदा निघाला नाही. आणि त्या गप्प राहण्यानं काही म्हणता काही झालं नाही. अर्ज फेटाळला गेला, अपील फेटाळलं गेलं, दुसरी बायको आली, नाव परत घेतलं गेलं. स्वतः रंगूबाईंनाही ते आठवत नव्हतं. त्यांना फक्त नाय आठवत होते. कुणीतरी कारकुनानं कंसात टिपून ठेवलेलं ते गप्प राहणं, एवढी वर्षं फडक्यात बांधून पडलेलं. रोज सकाळी तोंड मिटून बसणाऱ्या प्रतिभाला ठाऊक होतं की गप्प म्हणजे रिकामं नसतं. आत किती आवाज असतो! अक्काबाई, कडी काढा.

संध्याकाळी शेखरनं पानं वाचली. सावकाश, उभ्यानंच, खिडकीपाशी. मग चौथं पान वेगळं काढून तिच्यापुढं धरलं. "एवढंच ने," तो म्हणाला. थट्टा नव्हती आता. "एवढंच वाच. म्हातारीला बरं वाटेल, आईचंही नाव राहील. बाकीचं वाचून काय मिळवायचंय? आणि हे खोटं थोडंच आहे? हेही तिच्याच जबानीतलं." "हो," प्रतिभा म्हणाली. "तिच्याच जबानीतलं." आणि रात्रभर ते एक पान तिच्या डोळ्यांपुढं राहिलं. किती सोपं होतं. पहिली तीन पानं पिशवीत राहू द्यायची. एक अक्षर खोटं वाचायचं नाही, नुसतं गाळायचं. चिमणाबाई चादर बाजूला करील, कदाचित रडेल, कदाचित एक खण पुढं करील. आणि मग पोथीत एक ओवी गाळून पुढं गेल्यावर जसं दिवसभर मागे काहीतरी उघडं राहिल्यासारखं वाटतं, तसं आयुष्यभर वाटत राहील. शिवाय चिमणाबाईनं ते नाय स्वतःच्या कानांनी ऐकले आहेत. तिथंच उभी होती ती, पायात जोडवी नसलेली. तिच्यापुढं ते गाळायचे म्हणजे पुन्हा एकदा तिलाच सांगायचं की तू ऐकलंस ते झालंच नाही. कडी नव्हती. हाका नव्हत्या. ते गप्प राहणं खरं वाटायचं तर आधी ते सगळे नाय वाचावे लागतील. त्यांच्याशिवाय ते गप्प राहणं म्हणजे नुसता कोरा कागद. आणि कंसातलं कसं वाचायचं? पोथीत कंस नसतात. वाचायचं, की तेवढा वेळ आपणही गप्प राहायचं? पहाटे तिनं ठरवलं: वाचायचं. जसं असल तसं. कंसासकट, 'वाचून दाखविले'सकट. तेही अजून खरं व्हायचंच होतं.

नवरात्र आठ दिवसांवर आलं होतं. मग वणीत पाय ठेवायला जागा मिळाली नसती. तिनं आंघोळ केली, फुलं आणली, आज देवांना स्टीलच्या ताटलीत स्नान घातलं. तामण चिंचेनं घासून, पुसून, जुन्या नऊवारीच्या फडक्यात गुंडाळलं आणि चारही पानांसोबत पिशवीत ठेवलं. आरती हलक्या हातानं, घंटा न वाजवता. पूजा झाली, म्हणजे बोलायला मोकळीक होती. पण ती बोलली नाही. आजचं मौन तिनं थोडं लांबवलं: आज तोंडातून पहिलं जे निघेल ते "मी शपथेवर सांगते की" हेच निघू दे. एका चिठ्ठीवर 'वणी, एक' असं कंडक्टरसाठी लिहून तिनं ती पदराच्या टोकाला बांधली.

"निघालीस?" शेखर स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाला. तिनं मान हलवली. तो पिशवीकडे बघत राहिला. फडक्यातून तामणाची गोल कड दिसत होती. "सगळी नेतेस?" तिनं पुन्हा मान हलवली. थोड्या वेळानं नुसतं इतकंच म्हणाला, "दिंडोरी नाक्यावरून सव्वासातची मिळेल. आणि... वाटाणे सोलायची म्हणावं, मला आठवतंय."

प्रतिभानं चपला घातल्या, देव्हाऱ्याकडे वळून एकदा हात जोडले, आणि दाराशी जाऊन, जराही आवाज होऊ न देता, आतली कडी काढली.